संदर्भासहित स्पष्टीकरण : जावा सर्व्हरवर आज्ञावलीचा पत्ता कसा ठरतो



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आमच्या तुकडीला तीन वर्षे मराठी शिकविले. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच हिंदीत बोलू लागणाऱ्या आम्हा इंदुरी मुलांना त्यांनी व्याकरणाचे जे धडे दिले, त्यांचा उपयोग पुढे संगणकाच्या कामात होईल असे तेव्हा कोणालाच वाटले नसेल. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत 'संदर्भासहित स्पष्टीकरण करा' हा प्रश्न कधी चुकला नाही. दिलेल्या ओळीतील 'तो', 'तेथे', 'मागच्या वेळी' अशा शब्दांवर बोट ठेवून ते विचारीत, "हा तो म्हणजे कोण? तेथे म्हणजे कोठे? नुसती ओळ वाचून सांगा पाहू." सांगता येत नसे. धडा उघडून मागचे-पुढचे वाचावे लागे.

आपण ज्याला संदर्भ म्हणतो त्यालाच माझ्या व्यवसायात 'कॉन्टेक्स्ट' म्हणतात. जावा भाषेत लिहिलेली आज्ञावली वेब-सर्व्हरवर ज्या नावाखाली नांदते, त्या नावाला 'कॉन्टेक्स्ट पाथ' अशी संज्ञा आहे. आज आपण तिला संदर्भमार्ग म्हणू. व्याख्यानासाठी हा विषय फारच बारीक आहे याची मला जाणीव आहे. समितीचे पत्र आले तेव्हा याहून भारदस्त विषय मनात आले होते. परंतु माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक याच बारीक विषयातली आहे, आणि तिचा भुर्दंड शाळकरी मुलांना पडला. म्हणून हाच विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. त्या चुकीची हकीकत मी पुढे सांगणारच आहे. ती समजण्यापुरती परिभाषा आधी मांडतो.

ज्यांचे बालपण रामबागेत किंवा राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत गेले त्यांना वाड्याची रचना सांगावयास नको. रस्त्याकडे एकच दिंडीदरवाजा, आत चौक, आणि चौकाभोवती पाच-सहा बिऱ्हाडे. पोस्टमन येतो तो वाड्याच्या क्रमांकावर. आत आल्यावर कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे, हे दारावरच्या पाटीवरून ठरते. वेब-सर्व्हरचे काम बरेचसे असेच चालते. संकेतस्थळाचे नाव हा वाड्याचा क्रमांक. त्यापुढे तिरकी रेघ देऊन जे लिहिले जाते तो सारा वाड्याच्या आतला मामला. एकाच सर्व्हरवर शाळेच्या निकालाची आज्ञावली, ग्रंथालयाची आज्ञावली आणि माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीची आज्ञावली अशी तीन बिऱ्हाडे सुखाने नांदू शकतात. प्रत्येकीच्या दारावरची पाटी म्हणजे तिचा संदर्भमार्ग.

एक उदाहरण घेऊ. संकेतस्थळाच्या नावापुढे '/शाळा/निकाल/दहावी' असा मार्ग आला आहे असे समजा. प्रत्यक्षात ही नावे रोमन अक्षरांत लिहिली जातात. येथे सोयीसाठी देवनागरी वापरीत आहे. सर्व्हर या मार्गाचे तीन तुकडे करतो. पहिला तुकडा कोणत्या आज्ञावलीकडे जावयाचे ते सांगतो, हाच संदर्भमार्ग. दुसरा तुकडा त्या आज्ञावलीतील कोणत्या 'सर्व्हलेट'ने, म्हणजे विनंतीला उत्तर देणाऱ्या कोणत्या भागाने, काम पाहावयाचे ते सांगतो. उरलेला तिसरा तुकडा त्या भागाला मिळणारी जादा माहिती. सर्व्हरवर '/शाळा' आणि '/शाळा/निकाल' अशा दोन्ही पाट्या असतील, तर सर्व्हर सर्वांत लांब जुळणारी पाटी निवडतो. म्हणजे वरील विनंती दुसऱ्या आज्ञावलीकडे जाते. जुळणी करताना तो दोन रेघांमधला शब्द अखंड धरतो. '/शाळा/निकालपत्र' अशी विनंती आली तर 'निकाल' एवढी अक्षरे जुळतात म्हणून ती निकालाच्या बिऱ्हाडात शिरत नाही, '/शाळा'कडे जाते. आणि कोणतीच पाटी जुळली नाही तर जिची पाटी कोरी आहे अशी एक आज्ञावली असू शकते, तिच्याकडे ती सोपविली जाते. हिला मूळ किंवा 'रूट' आज्ञावली म्हणतात. बेवारशी पत्रे जिच्याकडे जातात ती ही चौकातली आजी. पुढच्या हकीकतीत ती येणार आहे.

पाटी लिहिण्याचेही नियम आहेत. संदर्भमार्गाच्या आरंभी तिरकी रेघ हवी, अखेरीस नको. आणि मूळ आज्ञावलीचा संदर्भमार्ग म्हणजे रिकामा शब्द, नुसती रेघसुद्धा नव्हे. मी हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला तो निव्वळ कर्मकांड वाटला होता. त्यामागचे कारण पुढे कळले. चित्राचा पत्ता बनविताना आज्ञावली 'संदर्भमार्ग' अधिक '/चित्रे' अशी बेरीज करते. संदर्भमार्ग '/शाळा' असेल तर '/शाळा/चित्रे' मिळते, रिकामा असेल तर '/चित्रे' मिळते, दोन्ही बरोबर. मूळ आज्ञावलीचा मार्ग नुसती रेघ मानला असता तर बेरजेत '//चित्रे' अशी जोडरेघ आली असती. जोडरेघेने सुरू होणारा पत्ता ब्राउझर अगदी वेगळ्या अर्थाने वाचतो. त्याच्या लेखी 'चित्रे' हे दुसऱ्याच एका संकेतस्थळाचे नाव ठरते आणि तो ते जगभर शोधू लागतो. एका रेघेच्या चुकीने पत्र चौकातून बाहेर पडून परगावी जाते.

ही सारी व्यवस्था फार जुनी नाही. जावाच्या सर्व्हलेट-नियमावलीची २.२ ही आवृत्ती १९९९ साली आली, आणि 'वेब-आज्ञावली' ही स्वतंत्र, हलविता येण्याजोगी वस्तू आहे असे तिने प्रथम निश्चित केले. त्यापूर्वी सर्व्हलेट थेट सर्व्हरमध्ये बसविले जात आणि ज्याच्या-त्याच्या सर्व्हरची तऱ्हा निराळी असे. नव्या नियमाने आज्ञावलीचे सर्व साहित्य एका ठराविक मांडणीत, एका गाठोड्यात बांधता येऊ लागले. या गाठोड्याच्या फाईलनावाचा शेवट 'वॉर' या अक्षरांनी होतो. 'वेब आर्काइव्ह'चे ते लघुरूप आहे, युद्धाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच वर्षी सन कंपनीने आपली सर्व्हलेट-सर्व्हरची संहिता अपाचे संस्थेच्या स्वाधीन केली, आणि तिच्यातून 'टॉमकॅट' हा सर्व्हर जन्मला. जेम्स डंकन डेव्हिडसन या तिच्या मूळ कर्त्याने हे नाव ठेवले. टॉमकॅट म्हणजे बोका. आपली काळजी आपणच घेणारा प्राणी, म्हणून ते नाव त्याला आवडले.

गाठोड्याच्या कल्पनेत एक महत्त्वाची गोष्ट गृहीत धरली आहे, आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. गाठोडे कोणत्या नावाखाली बसवावयाचे हे बसविणारा ठरवितो. गाठोडे बांधणाऱ्याने ते जाणून घेण्याची गरज नसावी. बिऱ्हाडकरूने भांड्यांवर आपले नाव घालावे, वाड्याचा पत्ता घालू नये, असे हे आहे. आज्ञावलीला आपला पत्ता हवाच असेल तर तिने तो त्या क्षणी सर्व्हरला विचारावा. त्यासाठी प्रत्येक विनंतीबरोबर उत्तर देणारी सोय त्या २.२ आवृत्तीतच करून ठेवली होती. विनंती आलेली नसतानाही, उदाहरणार्थ आज्ञावली सुरू होत असताना, हे विचारता येण्याची सोय मात्र २००६ साली जावा ईई ५ बरोबर मिळाली. मधल्या काळात अनेकांनी पत्ता आज्ञावलीतच लिहून टाकण्याची सवय लावून घेतली. त्या अनेकांत मी होतो.

आता पाटी प्रत्यक्षात कोण आणि कोठे लिहितो ते टॉमकॅटच्या आधारे पाहू, कारण माझा अनुभव मुख्यतः त्याचाच आहे. टॉमकॅटच्या घरात 'वेबॲप्स' नावाची एक डिरेक्टरी असते. तिच्यात 'निकाल.वॉर' ही फाईल ठेवली की '/निकाल' हा संदर्भमार्ग आपोआप मिळतो. फाईलचे नाव हीच पाटी. दोन शब्दांचा मार्ग हवा असेल तर फाईलच्या नावात तिरकी रेघ घालता येत नाही, म्हणून तिच्या जागी '#' हे चिन्ह वापरतात : 'शाळा#निकाल.वॉर' म्हणजे '/शाळा/निकाल'. कोरी पाटी हवी असेल तर फाईलला 'रूट' हे नाव द्यावे लागते, तेही रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत. लहान अक्षरांत लिहिले तर टॉमकॅट ते साधे नाव समजतो आणि '/रूट' अशी पाटी लावतो. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांची भानगडच नसल्यामुळे आपल्याकडच्या नवशिक्याला ही चूक शोधायला वेळ लागतो. शिवाय टॉमकॅटबरोबर त्याची स्वतःची एक मूळ आज्ञावली, स्वागताचे पान दाखविणारी, आलेली असते; ती आधी काढावी लागते.

दुसरा मार्ग असा की गाठोडे वेबॲप्सच्या बाहेर कोठेही ठेवावे, आणि सर्व्हरच्या 'कॉन्फ' या डिरेक्टरीतील 'कॅटालिना', तिच्यातील 'लोकलहोस्ट', या ठिकाणी एक छोटी एक्सएमएल फाईल लिहावी. या फाईलचे नाव म्हणजे पाटी, आणि गाठोडे कोठे आहे ते आत लिहिलेले. मला स्वतःला ही रीत सर्वांत सुरक्षित वाटते. गाठोड्याच्या नावात आवृत्तीचा आकडा असला तरी पाटी बदलत नाही, आणि पाटी बदलली तरी गाठोड्याला हात लागत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे 'सर्व्हर.एक्सएमएल' या मुख्य फाईलमध्येच 'कॉन्टेक्स्ट'ची नोंद करणे. जुन्या पुस्तकांत हाच मार्ग दिलेला आढळतो. टॉमकॅटचे कर्ते स्वतःच तो टाळण्यास सांगतात. ही फाईल एकदाच, सर्व्हर सुरू होताना वाचली जाते; एका बिऱ्हाडाची पाटी बदलण्यासाठी सबंध वाडा बंद करावा लागतो. याहून वाईट प्रकार दुप्पट स्थापनेचा. गाठोडे वेबॲप्समध्ये आहे आणि त्याचीच नोंद मुख्य फाईलमध्ये वेगळ्या मार्गाने केली आहे, असे झाले तर टॉमकॅट तीच आज्ञावली दोनदा बसवितो : एकदा फाईलच्या नावाने, एकदा नोंदीतल्या नावाने. दोन्ही पत्ते चालतात, म्हणून कोणाला संशय येत नाही. मग आज्ञावलीत रात्री बाराला स्मरणपत्रे पाठविण्याचे काम असेल तर प्रत्येकाला दोन-दोन पत्रे जातात, आणि पुढचे आठ दिवस आपण टपालयंत्रणेला दोष देत बसतो.

याच संबंधात आणखी एक गैरसमज नोंदवतो. 'कॉन्टेक्स्ट' नोंदीत 'पाथ' असा एक रकाना असतो. गाठोड्याच्या आतील कॉन्टेक्स्ट फाईलमध्ये तो भरून पाटी बदलण्याचा प्रयत्न बहुतेक सर्व नवशिके करतात. तेथे तो मानला जात नाही. पाटी फाईलच्या नावावरूनच ठरते. मुख्य फाईलमध्येही तो ठरावीक परिस्थितीतच लिहावयाचा असतो. भाडेकरूने स्वतःच्या ट्रंकेत पाटी लिहून ठेवली म्हणून ती दारावर लागत नाही.

येथवर परिभाषा झाली. आता हकीकत.

सन २००९ मध्ये एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरून घेण्याचे काम माझ्याकडे होते. आज्ञावली मीच लिहिली होती, आणि ती '/शिष्यवृत्ती' या मार्गावर टॉमकॅटच्या सहाव्या आवृत्तीवर चालत होती. शाळाशाळांत छापील पत्रके गेली होती व त्यांवर हा पत्ता होता. अर्जाची मुदत संपायला तीन दिवस उरले असता संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना वाटले की पत्ता लांब आहे, मुले टंकताना चुकतात. नुसत्या संकेतस्थळाच्या नावावर अर्ज उघडला तर बरे. सूचना चांगली होती. मी म्हटले, त्यात काय, एका फाईलचे नाव बदलायचे. संध्याकाळी सर्व्हर चालू असतानाच मी 'शिष्यवृत्ती.वॉर'चे नाव बदलून 'रूट.वॉर' केले. मिनिटभरात नव्या पत्त्यावर पहिले पान उघडले. ते पाहून मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दूरध्वनी सुरू झाले. पानांवरील चित्रे दिसत नव्हती, त्याचे कोणाला दुःख नव्हते. पण चार पानांचा अर्ज भरून मुलाने 'जमा करा'वर बोट दाबले की 'पान सापडले नाही' असा ४०४ क्रमांकाचा संदेश येत होता. अर्ज कोठे पाठवावयाचा ते मी पानात '/शिष्यवृत्ती/जमा' असे ठाम लिहून ठेवले होते. ब्राउझरने ते पत्र इमानेइतबारे त्या पत्त्यावर टाकले. '/शिष्यवृत्ती' ही पाटी आता वाड्यात नव्हती, म्हणून ते चौकातल्या आजीकडे, म्हणजे मूळ आज्ञावलीकडे गेले. ती आमचीच आज्ञावली होती. पण तिने आपल्या घरात 'शिष्यवृत्ती' नावाची खोली शोधली आणि नाही म्हणून सांगितले. भरलेला मजकूर तेथेच हरवला. छापील पत्रकावरचा जुना पत्ता टंकणाऱ्यांचीही हीच गत झाली.

ज्यांचा अर्ज आदल्या संध्याकाळी अर्धवट होता त्यांना सर्व्हर ओळखेना. कोण वापरकर्ता आहे हे लक्षात ठेवण्यासाठी सर्व्हर ब्राउझरला 'कुकी' नावाची एक चिठ्ठी देतो, आणि ती कोणत्या मार्गावर दाखवावयाची तेही तिच्यावर लिहितो. सामान्यतः तेथे संदर्भमार्ग लिहिलेला असतो. त्यामुळे एका बिऱ्हाडाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही; व्यवस्था योग्यच आहे. पण पाटी बदलल्यावर जुन्या चिठ्ठ्या ब्राउझर दाखवीनासा होतो. मूळ आज्ञावलीच्या चिठ्ठीवर नुसती रेघ असते, म्हणून ती मात्र वाड्यातील सर्व बिऱ्हाडांना दाखविली जाते. मूळ पत्त्यावर काही बसविताना हाही विचार करावा लागतो.

एवढ्यावर निभावले असते तर मी आज हे सांगत नसतो. दुपारी ध्यानात आले की मुलांनी अर्जासोबत जोडलेली प्रमाणपत्रे, गुणपत्रिकांच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांच्या प्रतिमा, जागेवर नाहीत. टॉमकॅट गाठोडे उघडून त्याच नावाची एक डिरेक्टरी तयार करतो, आणि मी जोडपत्रे त्या डिरेक्टरीच्या पोटात साठवीत होतो, कारण तो मार्ग मला सहज सापडला होता. चालू सर्व्हरवरून वॉर फाईल नाहीशी झाली, मग तिचे नाव बदलून का होईना, की टॉमकॅटच्या समजुतीने बिऱ्हाड उठले. तो त्या नावाची उघडलेली डिरेक्टरी पुसून टाकतो. त्याचे काही चुकले नाही; त्याच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेले आहे. रात्रीच्या प्रतींवरून आम्ही बहुतेक जोडपत्रे परत आणली. शेवटच्या प्रतीनंतर आलेली गेली ती गेलीच. संस्थेने मुदत एक आठवडा वाढविली आणि त्या मुलांना दाखले पुन्हा पाठविण्याविषयी पत्रे धाडली. काही पत्रांना उत्तर आले नाही. त्यांतले एक गाव कोठे आहे हे मी नकाशात शोधून पाहिले होते. तहसिलीच्या ठिकाणी जाऊन उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढणे म्हणजे त्या घराला एक दिवसाची मजुरी बुडविणे होते.

या प्रकरणानंतर मी आज्ञावली पुन्हा वाचली ती सरांच्या पद्धतीने, प्रत्येक पत्त्यावर बोट ठेवून. पत्ते दोन जातींचे असतात. काही विशेषनामासारखे, रेघेपासून सुरू होणारे. काही सर्वनामासारखे, 'इथून शेजारी' असे सांगणारे. सर्वनामी पत्ता पाटी बदलली तरी चालतो, कारण तो आपण उभे असलेल्या पानावरून मोजला जातो. पण त्यातही एक खोच आहे. '/शाळा' आणि '/शाळा/' हे ब्राउझरच्या दृष्टीने एक नव्हेत. शेवटची रेघ असेल तर 'शेजारी' म्हणजे शाळेच्या आत. नसेल तर शाळेच्या शेजारी, म्हणजे चौकात. म्हणूनच कोणी रेघ न देता आले तर टॉमकॅट त्याला रेघेच्या पत्त्यावर पाठवून देतो. ते एका क्षणाचे वळण फुकटचे नसते.

रेघेपासून सुरू होणाऱ्या पत्त्यांत तर मला खरा गोंधळ सापडला. ती रेघ कोणाच्या उंबऱ्यापासून मोजावयाची हे बोलणाऱ्यावर अवलंबून आहे. आज्ञावली आतल्या आत एका भागाकडून दुसऱ्याकडे काम सोपविते तेव्हा रेघ म्हणजे स्वतःच्या बिऱ्हाडाचा उंबरा. संदर्भमार्ग लिहावयाचा नाही. ब्राउझरला 'तू अमुक पत्त्यावर जा' असे सांगते तेव्हा रेघ म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा. संदर्भमार्ग लिहिलाच पाहिजे. पानातील दुवे आणि अर्जाचा पत्ता हेही ब्राउझरच वाचतो, म्हणून तेही दुसऱ्या जातीचे. एकाच संहितेत, चार ओळींच्या अंतराने, तेच चिन्ह दोन अर्थांनी येते. 'तेथे म्हणजे कोठे' हा प्रश्न येथे अक्षरशः विचारावा लागतो.

माझ्या आज्ञावलीत '/शिष्यवृत्ती' हा शब्द बत्तीस ठिकाणी होता. तो सर्व ठिकाणी काढून तेथे सर्व्हरला विचारण्याची सोय केली. जोडपत्रांसाठी टॉमकॅटच्या घराबाहेर वेगळी डिरेक्टरी केली आणि तिचा ठावठिकाणा आज्ञावलीत न लिहिता सर्व्हरच्या मांडणीत लिहिला. गाठोडेही वेबॲप्समधून उचलून बाहेर ठेवले.

आता परिस्थिती काही अंशी बदलली आहे. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपासून एकाच पाटीवर आज्ञावलीच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवता येतात. फाईलच्या नावात दोन '#' चिन्हांपुढे आवृत्तीचा आकडा लिहिला की जुन्या चिठ्ठीचे वापरकर्ते जुन्या आवृत्तीत आपले काम पुरे करतात आणि नवे लोक नव्या आवृत्तीत जातात. अर्ध्या अर्जावर बसलेल्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे. अन्य सर्व्हरांच्या तऱ्हा निराळ्या. जेटीला मूळ आज्ञावलीचे नाव लहान अक्षरांतही चालते. वाइल्डफ्लायमध्ये गाठोड्याच्या आतच 'जेबॉस-वेब' नावाच्या फाईलमध्ये पाटी लिहिता येते. मला ते तितकेसे रुचत नाही. स्प्रिंग बूटने तर सर्व्हरच आज्ञावलीच्या पोटात घातला आहे, म्हणजे बिऱ्हाडाने स्वतःचा वाडा पाठीवर घेऊन हिंडावे तसे. तरीही संदर्भमार्ग बाहेरून सांगण्याची सोय त्याने ठेवली आहे. २०१८ साली त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत या रकान्याचे नाव बदलले. ज्यांनी जुनेच नाव ठेवले त्यांच्या आज्ञावल्या मुकाट्याने मूळ पत्त्यावर जाऊन बसल्या.

मोठ्या कामांत टॉमकॅटच्या पुढे अपाचे किंवा एनजिनएक्स यांसारखा दुसरा एक सर्व्हर द्वारपाल म्हणून असतो. बाहेरचा पत्ता आणि आतला संदर्भमार्ग वेगळे ठेवण्याचा मोह येथे फार होतो. तसे केले तर टॉमकॅटने दिलेल्या 'तिकडे जा' या उत्तरातील पत्ता आणि चिठ्ठीवरचा मार्ग द्वारपालाला प्रत्येक वेळी भाषांतरित करावा लागतो. त्यासाठी आज्ञा आहेत. पण पानाच्या मजकुरातले दुवे तो सहसा वाचीत नाही, आणि चुका तेथेच राहतात. दोन्ही नावे एकच ठेवावीत. वाचलेला वेळ दुसरीकडे कामी येतो.

नवी आज्ञावली हाती आली की मी तिला आता तीन पाट्यांवर बसवून पाहतो : एकदा कोऱ्या, एकदा एका शब्दाच्या, एकदा दोन शब्दांच्या. प्रत्येक वेळी पहिल्या पानावर न थांबता अर्ज शेवटपर्यंत भरून जमा करतो. एखादा ठाम लिहिलेला पत्ता राहिला असेल तर तो तीनपैकी कोठेतरी उघडा पडतो. चाचणीला अर्धा तास लागतो. २००९ च्या त्या संध्याकाळी मी तो दिला नव्हता.

राहता राहिला छापील पत्रकांवरचा जुना पत्ता. तो तर परत घेता येत नव्हता. म्हणून '/शिष्यवृत्ती' या जुन्याच पाटीवर मी एक अगदी लहान आज्ञावली बसविली. येईल त्याला नव्या पत्त्यावर पाठविणे एवढेच तिचे काम. यातही एक बारकावा निघाला. पत्ता कायमचा बदलल्याचे ३०१ क्रमांकाचे जे नेहमीचे उत्तर आहे, ते भरलेल्या अर्जाला दिले तर ब्राउझर नव्या पत्त्यावर जातो खरा, पण रिकाम्या हाताने. भरलेला मजकूर मागेच राहतो. मजकुरासह पाठवावयाचे तर ३०७ क्रमांकाचे उत्तर द्यावे लागते. २०१५ साली प्रमाणित झालेले ३०८ हे त्याचेच कायमस्वरूपी रूप.

ती लहान आज्ञावली पुढे कित्येक वर्षे चालू होती. मुख्य आज्ञावली दोनदा नव्याने लिहिली गेली, सर्व्हर बदलला, मी ते काम सोडले, ती राहिली. तिच्या नोंदवहीत वर्षभर काही नसे. जून उजाडला, शाळा उघडल्या, की मात्र चार-सहा नोंदी दिसत. कोठल्यातरी वर्गाच्या भिंतीवर ते जुने पत्रक अजून चिकटलेले असावे आणि त्यावरून पाहून कोणीतरी तो लांब पत्ता अक्षर-अक्षर टंकत असावे.